आटा

रविवारी रात्री टेबल पुसून
तिन्ही वह्या मांडल्या मी शेजारी शेजारी.

पहिलीत अपूर्णांक, सलग तेहेतीस पानं.
मग जाड काळी रेघ, आणि घड्याळ.
अपूर्णांक नंतर कुठेच भेटत नाहीत,
बदली होऊन गेलेल्या मास्तरांसारखे.

दुसरी गुळगुळीत, पुण्याहून मागवलेली, सहाशे ऐंशीची.
रोज आठच गणितं:
एक हातच्याचं, एक सव्वापाचचं घड्याळ,
एक मागच्या महिन्यातलं, एक त्याच्याही मागचं.
फिरून फिरून तेच, दर वेळी जरा अवघड.
हेच तर हवं होतं मला.
पण पानोपानी कोपऱ्यात टाळ्या पिटणारं अस्वल,
आणि गार्गी आता दहाची. तिला अस्वल नको.

तिसरी इचलकरंजीच्या सुमेधाची, झेरॉक्सची झेरॉक्स.
तिचा मुलगा घरीच शिकला, हिच्यावर.
गणितं सगळ्यांत चांगली. फक्त
आठ कुठला आणि तीन कुठला, ते कळत नाही,
आणि उत्तरांची पानं गहाळ.

जूनमध्ये गार्गीनंच लोणी डोशाचे आठ तुकडे करून
तीन अष्टमांश राजवर्धनला वाढले होते, हिशोबानं.
काल विचारते, आई, छेद म्हणजे वरचा का खालचा?
माझा आवाज चढला.
मग मोरीत भांडी घासता घासता
म्हणून बघितली अडीचकी, अण्णांनी पाठ करून घेतलेली:
सात अडीच साडेसतरा, आठ अडीच वीस,
आणि नवाला अडकले.
नळ चालूच राहिला.

नणंद फोनवर म्हणते,
शाळेत असती तर बाईंनी करून घेतलं नसतं का?
घेतलं असतं.
एकदा.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन उद्यमनगरात गेले.
दिगंबर लेथवर वाकलेला,
पंपाच्या शाफ्टला आटे पाडत होता.
टूल सरकत गेलं, मागं आलं,
पुन्हा त्याच वाटेनं गेलं.
पहिल्या खेपेला नुसता ओरखडा,
नखानं पुसला जाईल असा.

'एकदाच खोल का घालत नाही?'
'टूल मोडतंय की. न्हायतर आटा फाटतोय.
दर खेपंला केसभर. आन् हे बघ,'
फिरत्या तबकडीवर बोट धरलं,
'ही रेघ आली का मगच खटका दाबायचा.
रेघ चुकली तर वाटच दुसरी पडती,
मग जॉब भंगारात.'

मी खेपा मोजल्या. अकरा.
अकरावीनंतर त्यानं नट लावून पाहिला.
अर्ध्यावर अडकला.
तो काहीच बोलला नाही.
नट काढला, टूल आणखी केसभर आत घेतलं.

डबा निवत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

तीन रात्री लागल्या.
अस्वलं कात्रीनं गेली.
सुमेधाची गणितं हातानं उतरवली,
जूनची ऑक्टोबरात, ऑक्टोबरची डिसेंबरात,
मध्ये रंकाळ्याचा फेरा, भडंगाचा भाव, बसचं वेळापत्रक.
उत्तरं मीच काढली. दोन चुकली, ती नंतर सापडली.
नऊ अडीच साडेबावीस.

बिंदू चौकातला झेरॉक्सवाला गठ्ठा ठोकत म्हणाला,
'वैनी, स्पायरल मारू का?'
मला इतकं हसू आलं की
भावाला हसतेय असं वाटून
त्यानं आपणहून पाच रुपये कमी केले.

घरी गार्गीनं पहिलंच पान उघडलं. डोसा, आठ तुकडे.
'हे झालंय की मागं!'
म्हणाली, आणि सोडवायला बसली.
छेद वर लिहिला.
बघत राहिली.
माझी जीभ दातांखाली.
खोडरबराचा चुरा फुंकून तिनं तो खाली आणला.

राजवर्धन वहीच्या कडेला
तारेचे वेढे मोजत होता बोटानं.
सत्तावीसला चुकला,
पहिल्यापासून सुरू केलं.
'एकतीस,' म्हणाला.
मग, 'थांब.'